फ्लूची लस घ्यायचीच असेल तर मृगाच्या आधी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दरवर्षी ऑगस्ट आला की स्वाईन फ्लूने डोकं वर काढल्याची बातमी येते, चार कॉलम, सोबत मास्कवाल्या बाईचा फोटो, आणि त्या दिवशी दुकानाचं शटर वर करायच्या आत माझा फोन वाजायला लागतो. माझं हडपसरला मेडिकल आहे. "लस आहे का हो?", "कितीला पडते?", "लहान मुलांना चालते का?", "घ्यावी का पण खरंच?" शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो येतो घरात कुणीतरी ऑलरेडी खोकायला लागल्यावर. म्हणून म्हटलं यावेळी पेपरलाच लिहावं, कारण हा प्रश्न विचारायचा महिना ऑगस्ट नाहीये, एप्रिल-मे आहे, आणि तेव्हा ह्या विषयावर तुमच्या पेपरात एक ओळ नसते. तेव्हा हापूसचा भाव असतो.

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. आणि लस विकून माझं घर चालतं असंही नाही, कारण बहुतेक डॉक्टर लस स्वतःच्या फ्रिजमधे ठेवतात आणि तिथेच टोचतात, माझ्याकडे जे येतात ते चिठ्ठी घेऊन आलेले थोडेच. पण काउंटरच्या ह्या बाजूला उभं राहिलं की लोक कसे ठरवतात ते दिसतं. खरं सांगायचं तर ठरवत नाहीतच. सोसायटीच्या ग्रुपवर काय आलं, शेजारच्या काकांना लस घेऊन ताप आला होता म्हणे, अमेरिकेतून मुलगा काय म्हणाला, ह्याच्यावर सगळं चालतं.

तर पहिली गोष्ट, तो अमेरिकेतला मुलगा. न्यू जर्सीत आमच्या हडपसर-मगरपट्ट्याची अर्धी पोरं आहेत असं मला कधीकधी वाटतं. ऑक्टोबर आला की त्यांच्या तिथे औषधाच्या दुकानांवर फ्लू शॉटच्या पाट्या लागतात, मग पोरगं व्हिडिओ कॉलवर आईला म्हणतं, आई तू फ्लू शॉट घेतलास का, आणि आई दिवाळीची खरेदी बाजूला ठेवून माझ्याकडे येते. पोरगं चुकीचं नाही, त्याच्या गावाला ते बरोबरच आहे, तिकडे फ्लू थंडीत येतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जून-जुलैला सुरू होते आणि सप्टेंबरपर्यंत चालते, आणि मग थंडीत जानेवारी ते मार्च एक दुसरी, बहुतेकदा लहान. ऑक्टोबरमधे लस घेतलेल्या माणसाला पुढच्या जुलैपर्यंत नऊ महिने झालेले असतात आणि लसीचा जोर सहा महिन्यांनंतर बराच उतरलेला असतो. म्हणजे पैसे भरून ऐन पावसाळ्यात अंगात फारसं काही नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. आंबेडकर रोडवरची आपली एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, १९५२ पासून पुण्यात आहे आणि देशाचं फ्लूचं केंद्र म्हणून डब्ल्यूएचओबरोबर काम करते. २०१४ साली डब्ल्यूएचओच्या बुलेटिनमधे दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या देशांचा अभ्यास आला होता, त्यात एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांचाही हात होता, आणि त्याचं सांगणं हेच की ह्या भागातल्या बहुतेक देशांनी एप्रिल ते जूनमधे लस द्यावी. श्रीनगरसारख्या ठिकाणी वेगळं, तिथे थंडीत लाट येते म्हणून तिथे आधी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकाच देशात दोन वेळापत्रकं. आता पुण्यातल्याच संस्थेने शोधून काढलेली गोष्ट पुण्यातल्याच माणसाला माहीत नसते आणि न्यू जर्सीची माहीत असते, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

लस घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून माझा सोपा हिशोब असा की अक्षय्य तृतीयेपासून मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, उरकून टाका. आमच्या भागातनं दोन्ही पालख्या जातात, माउलींची सासवडकडे आणि तुकोबांची लोणीकडे, लाखो माणसं, त्याच दिवसात शाळाही सुरू झालेल्या असतात, आणि पुढे श्रावण, दहीहंडी, गणपती. गर्दीचं आपलं कॅलेंडर आणि फ्लूचं कॅलेंडर एकमेकांवर बरोबर बसतं. हडपसरमधे पालखीच्या दुसऱ्या दिवसापासून पॅरासिटामॉलचे किती बॉक्स संपतात ते कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारा.

दुसरी गोष्ट, स्वाईन फ्लूची लस वेगळी आणि साध्या फ्लूची वेगळी असं लोकांना अजूनही वाटतं. तसं काही नाही. २००९ साली जो नवा एचवनएनवन, म्हणजे स्वाईन फ्लूचा व्हायरस, आला तो नंतर गेलाच नाही, तोच आता आपला दरवर्षीचा फ्लू झालाय, आणि दर सीझनच्या लसीत तो असतोच. सोबत एचथ्रीएनटू नावाचा फ्लूचाच दुसरा प्रकार असतो, ज्याने मार्च २०२३ मधे सगळ्यांना आठवडेच्या आठवडे खोकायला लावलं होतं, आणि बी जातीचा असतो. बी चे आधी दोन असायचे म्हणून चार घटकांची लस, पण त्यातला यामागाटा नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे दिसलाच नाही, कोविडच्या लॉकडाऊनमधे गायबच झाला, म्हणून २०२३ पासून डब्ल्यूएचओ म्हणतेय की त्याला काढा, तीनच पुरे. त्यामुळे दुकानदाराने किंवा डॉक्टरने तीनवाली दिली तर आपल्याला स्वस्तातली टिकवली असं समजू नका.

आता २००९ चं निघालंच आहे तर. देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ३ ऑगस्टला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतरचे पंधरा दिवस ज्यांनी पुण्यात काढलेत ते विसरणार नाहीत. शाळा बंद, थिएटर बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, मास्क काय भावाला विकले जात होते ते आमच्या लाइनच्या लोकांना सांगायला आजही लाज वाटते, आणि रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधून हुंगत लोक पीएमटीने जायचे. माझ्या काउंटरवर माणसं टॅमिफ्लूसाठी, म्हणजे फ्लूच्या औषधासाठी, अक्षरशः रडली आहेत आणि मला हात जोडावे लागले, कारण तेव्हा ते औषध रिटेलला द्यायला परवानगीच नव्हती, सगळं सरकारकडून, नंतर शेड्यूल एक्स नावाच्या औषधांच्या कडक यादीत टाकलं ज्याचं लायसन मोजक्या दुकानांकडे. २०१७ ला ते शेड्यूल एचवन ह्या जरा सैल यादीत आणलं तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना ठेवता यायला लागलं. अर्थात आजही चिठ्ठीशिवाय देत नाही आणि देऊही नये. पण हे लक्षात ठेवा की ते औषध ताप आल्यापासून पहिल्या ४८ तासात सुरू झालं तर त्याचा जास्त उपयोग, आणि आपली माणसं पहिले दोन दिवस तर काढ्यावरच काढतात.

आणि त्यानंतर सगळं थंड झालं असंही नाही. २०१५ साली महाराष्ट्रात स्वाईन फ्लूने ९०५ माणसं गेली, २०१७ साली ७७८. हे सरकारी आकडे, म्हणजे ज्यांची तपासणी झाली त्यांचे. पुणे-पिंपरी, नाशिक, नागपूर सगळीकडची होती. आता तेवढी भीती राहिली नाही कारण कोविडने भीतीची पट्टीच बदलून टाकली.

मग घ्यावी का? मी गिऱ्हाईकाला उलटा प्रश्न विचारतो, घरात कोण कोण आहे ते सांगा. त्याच्याशिवाय ह्या प्रश्नाला उत्तर नाही.

पंचविशीतला धडधाकट मुलगा, आयटीत काम करतो, रोज जिमला जातो, त्याला मी कधीच गळ घालत नाही. घेतली तर चांगलंच, नाही घेतली तर बहुधा तीन दिवस ताप, आठवडाभर अंगदुखी, वर्क फ्रॉम होम, बरा होईल. पण त्याच्या घरी सत्तरीची आई असेल, शुगर असेल, वडलांना दमा असेल, बायपास झालेली असेल, किडनीचा त्रास असेल, तर विषय वेगळा होतो. म्हाताऱ्या माणसाला फ्लू हा नुसता ताप म्हणून येत नाही, तो छातीत उतरतो, न्यूमोनिया होतो, आणि हृदयाचंही आहे. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात २०१८ साली एक अभ्यास झाला त्यात असं निघालं की फ्लू झाल्याचं लॅबमधे सिद्ध झाल्यावर पहिल्या सात दिवसात हार्ट अटॅकचा धोका एरवीपेक्षा सहा पट असतो. हे वाचल्यापासून मी हृदयाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मे महिन्यात आठवण करून देतो. ते म्हणतात काय राव, गोळ्या काय कमी आहेत का.

गरोदर बाया हा दुसरा वर्ग, आणि इथे घरातल्या मोठ्यांचा विरोध सगळ्यात जास्त. पोटुशीला इंजेक्शन नको बाई. उलट आहे. गरोदरपणात फ्लू जास्त जोरात होतो, कितव्याही महिन्यात लस चालते, आणि आईने घेतली तर जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने तिचं संरक्षण मिळतं, जे फार मोलाचं कारण सहा महिन्याच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. सहा महिन्यापासून पाच वर्षापर्यंतच्या मुलांना दरवर्षी द्या असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. एक मात्र बघा, नऊ वर्षाखालचं मूल पहिल्यांदा घेत असेल तर त्याला दोन डोस लागतात, महिन्याच्या अंतराने. हे बरेच आईबाप विसरतात, पहिला देतात आणि दुसऱ्याच्या वेळेला गावाला गेलेले असतात. म्हणून लहान मुलांचं तर एप्रिलमधेच सुरू करायला पाहिजे, परीक्षा झाली की लगेच.

पैशाचं बोलूया, कारण तिथेच गाडी अडते. ही लस सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात नाही, प्रायव्हेटला एक डोस दीड ते दोन हजाराच्या घरात जातो, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. सहा माणसांचं घर असेल तर दहा-बारा हजार. रिक्षावाल्याने, कामाला जाणाऱ्या ताईने कुठून आणायचे? आणि दरवर्षी. तर ज्यांना सगळ्यांना परवडत नाही त्यांना मी असं सांगतो की आधी गरोदर सून, मग दमेकरी आणि शुगर-हार्टवाले म्हातारे, मग पाच वर्षाखालचं पोर, आणि उरले पैसे तर बाकीचे. आणि त्याच्या आधी महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. महाराष्ट्र सरकारने २०१५ मधे गरोदर महिला, शुगर-बीपीचे पेशंट आणि आरोग्य कर्मचारी ह्यांना ही लस फुकट द्यायला सुरुवात केली, हे देशात पहिलं पाऊल होतं आणि त्याचं कौतुक करायला पाहिजे. पण किती लोकांना माहितीये? माझ्या ओळखीच्या एका बाई मुलीला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेल्या, जून महिना, सातवा महिना चालू, तर आतून उत्तर आलं अजून स्टॉक आला नाही, चौकशी करत राहा. त्या चौकशी करत राहिल्या आणि मुलगी बाळंत झाली. लस आली की नाही ते नंतर विचारायला कोण जाणार. स्टॉक जर पावसाळा अर्धा झाल्यावर येत असेल तर फुकट असूनही ती फुकटच जाणार.

आता लोक जे बोलतात त्यातलं थोडं.

"लस घेऊनही सर्दी झाली." होणार. सर्दीचे व्हायरस दोनशेहून जास्त प्रकारचे, ही लस फक्त फ्लूची. आणि फ्लूविरुद्धसुद्धा ती काही शंभर टक्के नाही, लसीतले व्हायरस आणि बाहेर फिरणारे व्हायरस जुळले त्या वर्षी डॉक्टरकडे जायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, नाही जुळले तर त्याहून कमी, म्हाताऱ्यांमधे अजून कमी. एचथ्रीएनटूच्या बाबतीत तर जरा रडकथाच आहे. हे मी लपवत नाही, कारण लपवलं की मग माणूस पुढच्या वर्षी येत नाही. पण लस घेऊन फ्लू झाला तरी आयसीयूपर्यंत जायची शक्यता कमी होते, आणि आयसीयूचं एका दिवसाचं बिल किती येतं ते ज्यांनी भरलंय त्यांना सांगायला नको. माझे वडील दमेकरी, त्यांना मी दर मे महिन्यात नेतो, ते दरवर्षी विचारतात गॅरंटी आहे का, मी म्हणतो नाही, मग ते म्हणतात मग चल.

"लसीनेच फ्लू होतो." इंजेक्शनमधला व्हायरस मेलेला असतो, त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, बस. मात्र त्या दिवशी आधीच चांगला ताप असेल तर थांबा, बरं वाटल्यावर जा. आणि पूर्वी ह्याच लसीची जोरदार रिअॅक्शन आलेली असेल किंवा लस घेतल्यावर सहा आठवड्यात जीबीएस, म्हणजे हातापायातली ताकद जाणारा नसांचा आजार, झालेला असेल तर डॉक्टरला ते आधी सांगा, तिथे विचार करावा लागतो. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तरी घेता येते, फक्त सुई काढल्यावर जरा जास्त वेळ दाबून धरायचं.

कोविडनंतर एक नवीन आलंय, इंजेक्शनने तरुण पोरं पटापट जातायत. ह्यावर आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, २०२३ मधे अभ्यास केला, १८ ते ४५ वयाच्या अचानक गेलेल्या लोकांचा, आणि कोविडच्या लसीने तो धोका वाढल्याचं दिसलं नाही. बरं, फ्लूची लस ही तर वेगळीच, जगात अनेक दशकं दिली जातेय. पण व्हॉट्सअॅपसमोर माझं काय चालणार.

आणि एक प्रश्न असा आला ज्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. आमच्या वाडीतल्या एक आजी आहेत, माळकरी, पंचाहत्तरी ओलांडली तरी वारीला जातात, शुगरच्या गोळ्या माझ्याकडनंच नेतात. मी म्हटलं आजी वारीच्या आधी ही लस घ्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "दादा, ह्यात अंडं असतं का वं? नातू म्हनत व्हता." आता काय सांगणार. खोटं बोललो असतो तर खपलं असतं. पण खरं हे आहे की ह्या बहुतेक लसींचा व्हायरस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग मारतात, गाळून शुद्ध करतात, शेवटी अंड्याचा अगदी नावाला अंश राहतो. अंड्याची अॅलर्जी असलेल्यांनासुद्धा आता ती चालते असं अमेरिकेतले तज्ज्ञ म्हणतात, पण आजींचा प्रश्न अॅलर्जीचा नव्हताच. मी जे आहे ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग राहू दे. पांडुरंग बघंल." मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला बोलावून म्हटलं, तू घे, बायकोला दे, शाळेत जाणाऱ्या पोराला दे, म्हणजे घरातनं तरी आजींकडे फ्लू जायचा नाही, आणि वारीत मास्क लावायला सांग. तिघांनी घेतली. आजींनी मास्क दिवेघाटापर्यंत लावला असं मुलगा सांगत होता.

लस घ्यायची ठरली तर जाताना काय बघायचं ते मेडिकलवाला म्हणून सांगतो, कारण हे तुम्हाला कुणी सांगत नाही. डबा हातात घ्या. त्यावर एक्सपायरी तर बघाच पण सीझन कोणता लिहिलाय तेही बघा. डब्ल्यूएचओ वर्षातनं दोनदा लसीत कोणते व्हायरस घालायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमधे दक्षिण गोलार्धासाठी. सप्टेंबरात ठरलेली लस आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुमारास येते आणि आपल्या पावसाळ्याला तीच ताजी. एप्रिल-मे मधे गेलात आणि हातात मागच्या वर्षीच्या उत्तर गोलार्धाचा उरलेला डबा आला, तर विचारा, नवीन कधी येतेय. डब्यावर घटकांची नावं गावांवरनं असतात, व्हिक्टोरिया, थायलंड, ऑस्ट्रिया, फुकेत, टूरवाल्याची जाहिरात वाटते, पण तो व्हायरस पहिल्यांदा जिथे सापडला त्या ठिकाणाचं नाव आणि वर्ष असतं. मागच्या वर्षीच्या डब्याशी जुळवून बघायचं असेल तर ह्याच नावांवरनं कळतं.

मग कोल्ड चेन. ही लस २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागते आणि गोठली तर गेली. काही लोक माझ्याकडनं भरलेली सिरिंज घेतात आणि म्हणतात घरी फ्रिजमधे ठेवतो, रविवारी ओळखीच्या सिस्टर येऊन टोचतील. मी देत नाही. घरच्या फ्रिजमधे वर बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवली तर गोठते, दारात ठेवली तर दार दिवसातनं पन्नास वेळा उघडतं, आणि आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. डॉक्टरकडेच जा, आइसपॅक घालून मी देतो ती अर्ध्या तासात टोचून घ्या, आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. दुकानात टोचा म्हणणारेही असतात. आम्हाला टोचायची परवानगी नाही, आणि जो मेडिकलवाला टोचून देतो म्हणतो त्याच्याकडनं बाकी काही घेतानाही दोनदा विचार करा.

आणि लस नाहीच घेतली, ताप आला, तर निदान एक करू नका. "अझी ५०० च्या तीन द्या." हे वाक्य मला पावसाळ्यात झोपेतसुद्धा ऐकू येतं. फ्लू व्हायरसने होतो, त्याला अँटिबायोटिकने काही होत नाही. मार्च २०२३ मधे आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्याच संघटनेने पत्रक काढलं होतं की ताप साधारण तीन दिवसात जातो, खोकला तीन आठवडेही राहू शकतो, उगाच अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिक्लॅव्ह घेऊ नका. मी नाही म्हटलं की लोक शेजारच्या दुकानात जातात आणि तिथे मिळतं, हेही मला माहितीये. पण दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, म्हातारं माणूस बरळायला लागलं, ताप उतरून परत चढला, तर मेडिकलवर येऊ नका, सरळ हॉस्पिटल.

संपादक महोदय, माझी मागणी मोठी नाही. ऑगस्टची चार कॉलमची बातमी द्याच, पण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या पानावर एक छोटी चौकट द्या, अक्षय्य तृतीयेच्या सोन्याच्या जाहिरातीशेजारी चालेल. त्यात लिहा की कोणी घ्यायची, कुठल्या महापालिका दवाखान्यात कधीपासून फुकट मिळणार, मुलांना दोन डोस. आणि तुमचा आरोग्य बीटचा पत्रकार महापालिकेला एक प्रश्न एप्रिलमधे विचारू दे, की यंदाच्या लसीची ऑर्डर टाकली का, किती डोसची, आणि गाडी कधी येणार. ऑगस्टमधे विचारलात तर ते म्हणतील मागणी नोंदवली आहे. दरवर्षी तेच म्हणतात.

कळावे,
आपला एक वाचक
हडपसर, पुणे

ता. क. पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर कापा, फक्त ७ जूनची तारीख आणि दोन डोसचं राहू द्या.